मंगलच्या हातातला दोर

बालाघाटात जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे जावं, असं मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. तेव्हा डोंगर पुरता वाळलेला नसतो, सीताफळं संपत आलेली असतात आणि दुपारचं ऊन सोसवतं. इतरांना सांगत आलो, पण स्वतः तीसेक वर्षं त्या बाजूला फिरकलो नाही. स्वारगेटला बीडची एसटी लागलेली दिसली की मी दुसरीकडे बघत असे.

यंदा गेलो. मी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत असे आणि सुट्ट्यांत मुलांना प्रस्तरारोहणाची, म्हणजे दोर लावून खडक चढण्याची शिबिरं घेत असे. अशाच एका शिबिरात, वडवणीच्या पलीकडच्या एका कड्यावर, दत्ता नावाचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या दोरावरून पडून गेला. दोष लागला त्याच्या बाराएक वर्षांच्या बहिणीला, मंगलला. तो दोष तिचा नव्हता. हे तिच्यासमोर जाऊन सांगायचं आणि परत आल्यावर लिहायचं, एवढंच ठरवून निघालो होतो. वाडीचं नाव लिहीत नाही. मंगलचं लिहितो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

कपिलधार

निमित्त मिळालं ते अभयमुळे. अभय माझा जुना विद्यार्थी. मी सुरू केलेलं गिर्यारोहण मंडळ आता तोच चालवतो. बीडपासून जवळच, कपिलधारच्या अलीकडे एका बुटक्या कड्यावर त्यानं मुलांचं शिबिर लावलं होतं आणि समारोपाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं.

सकाळी बीडच्या स्टँडसमोर सुशीला खाल्ली. मुरमुऱ्यांचा हा फोडणी दिलेला प्रकार पुण्याकडे कुणाला माहीत नसतो. मला त्याची चव आठवत होती, याचंच नवल वाटलं. शिबिराला वेळ होता म्हणून आधी कपिलधारला गेलो. समाधीच्या दर्शनाला आलेले लोक पायऱ्यांवर होते आणि खाली धबधब्याची धार बारीक झाली होती. शेवाळलेल्या दगडांवर पोरं उड्या मारत होती. त्यांचे आईबाप हाकेच्या अंतरावर होते आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता. एक बाप तर पोराला आणखी मागं सरक म्हणून सांगत होता, धार चौकटीत यावी म्हणून. मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझाच पाय सरकला. एका परकरातल्या मुलीनं माझं कोपर धरलं.

"आजोबा, पान्याकडं कावून बघता? दगडाकडं बघा की."

तिची आई मागून हसली. "लई शाणी हाय. घरी मला बी असंच बोलती."

शिबिरात पंचवीस-तीस मुलं होती, बहुतेक शहरांतली. डोक्यावर शिरस्त्राणं, कमरेला पट्टे. आमच्या वेळी यातलं निम्मं नव्हतं. तेव्हा खाली उभा राहणारा माणूस दोर स्वतःच्या कमरेभोवती घ्यायचा आणि दोन्ही हातांनी आवळून धरायचा. दोर वर एका कडीतून जाऊन चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला असायचा. चढणारा घसरला की खालच्यानं दोर फक्त घट्ट धरायचा. कडीत घर्षण होतं, त्यामुळे फार ताकद लागत नाही. लक्ष लागतं. आता त्यासाठी लहानशी यंत्रं आली आहेत, पण लक्ष अजूनही माणसालाच द्यावं लागतं.

तिथं ऋतुजा नावाची एक शिक्षिका दोर धरून उभी होती. वर एक मुलगा अर्ध्यात अडकला होता आणि रडत होता. त्याचे वडील तिच्या शेजारी येऊन म्हणाले, "मॅडम, जरा इकडे बघा ना, एक फोटो." ती वळली नाही. "मॅडम, दोन सेकंद!" तरी नाही. तो गृहस्थ चिडला. "एवढा काय ॲटिट्यूड? फी भरलीय आम्ही." ती वर बघतच मुलाला म्हणाली, "उजवा पाय खाली. अजून. हां, मिळाला बघ." मुलगा खाली उतरला, तिनं त्याच्या कमरेची गाठ सोडली आणि मग वडिलांकडे वळून म्हणाली, "हां काका, आता काढा."

मला तिथं बसून राहवलं नाही. तिनं केलं ते सोपं होतं. मला त्या दिवशी एवढंच करायचं होतं.

दुपारी समारोपाची तयारी सुरू झाली. अभय एका माणसाला घेऊन आला. त्याच्या हातात गुलाबी कापडाची घडी होती.

"सर, फेट्यासाठी खास माणूस बोलावलाय. बसा इथं खुर्चीवर."

"फेटा नको, अभय."

"असं कसं सर? पालक बघतायत. पद्धत आहे."

पद्धत आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

तो दिवस

तेव्हा नाताळची सुट्टी होती. शिबिराच्या शेवटच्या दिवशी वाडीतल्या मुलांनाही दोरावर चढू द्यायचं मी ठरवलं. ती मुलं शेरडांमागं अनवाणी डोंगरभर फिरायची, सीताफळांसाठी आणि मधाच्या पोळ्यासाठी नको त्या जागी चढायची, आणि त्याला कुणी धाडस म्हणत नव्हतं. आमची शहरी मुलं त्यांच्याकडे तोंड उघडून बघायची. मला वाटलं, यांना काय शिकवायचं, यांना नुसतं बांधलं की झालं. मंगल आणि दत्ताचे आईवडील उसाला गेले होते. घरी आंधळी आजी. दत्ताला चढवू का, असं मी विचारलं ते मंगलला. एका बारा वर्षांच्या मुलीची परवानगी मला पुरली.

दत्ता सरसर वर गेला. वर पोचून ओरडला, "सर, समदी वाडी दिसती! आपली म्हस बी दिसती!"

तेवढ्यात कड्याखाली एक जीपगाडी आली. त्या भागातले एक पुढारी आले होते, बरोबर दहापाच माणसं, शाल, नारळ आणि फेटे. डोंगरात येऊन आमच्या पोरांना शिकवणाऱ्या गुरुजींचा सत्कार. त्या मुलखात पाहुण्याला उघड्या डोक्यानं जाऊ देत नाहीत. माझा जोडीदार शिक्षक आधीच रांगेत जाऊन उभा होता. माणसं हाका मारायला लागली, "सर, या की! साहेबांना फुडं जायचंय." दोर माझ्या कमरेभोवती होता. शेजारी मंगल होती. मी दोर कमरेवरून काढला, तिच्या दोन्ही हातांत दिला आणि हसून म्हणालो, "म्हशीचा कासरा धरतेस ना? तस्साच धर. आलोच मी."

मला खुर्चीवर बसवलं. फेटा बांधणारा माणूस मागून म्हणाला, "मान हलवू नका सर, पीळ सुटतोय." मी मान हलवली नाही. पाठीमागून दत्ताचा आवाज आला, "सर, मी येऊ का खाली?" मी समोर बघतच मोठ्यानं म्हणालो, "ये, मंगल आहे."

त्यानंतरचा आवाज लिहीत नाही. अर्धा बांधलेला फेटा माझ्यामागं फरफटत आला. तोच फाडून त्याच्या डोक्याला गुंडाळला. वडवणी यायच्या आत तो गेला.

फौजदारांपुढे मी सांगितलं की चहाची सुट्टी होती आणि मुलांनी आमच्या नकळत दोर घेतला. जोडीदारानं मान डोलावली. तो आता हयात नाही. पुढाऱ्याबरोबरच्या माणसांना सगळं माहीत होतं, पण त्यांचंही भलं गप्प राहण्यातच होतं. मुलीनं दोर घेतला, मुलीनं दोर सोडला: एवढंच वाडीत राहिलं, आणि त्यातलं दुसरं अर्धं खरंही होतं.

हे सगळं मी शिबिराच्या कडेच्या एका झाडाखाली अभयला सांगितलं. त्यानं फेटेवाल्याला लांब पाठवलं. मग मुलांकडे बघत म्हणाला,

"सर, आता कशाला? इतकी वर्षं झाली. हे छापून आलं तर उद्या एकही पालक पोराला पाठवणार नाही. ही पोरं घरात मोबाइल घेऊन बसतील. ते बरं का?"

"ऋतुजासारखी माणसं ठेव. पाठवतील."

"आणि मंडळाचं नाव?"

"नाव माझं लिहिणार आहे. मंडळाचं नाही."

तो उठून गेला. समारोपात मी चार वाक्यं बोललो. दोर ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलू नका, त्याला चहा देऊ नका, त्याचा सत्कार करू नका, असं म्हणालो. सत्कारावर लोक हसले. त्यांना विनोद वाटला.

वडवणी

दुसऱ्या दिवशी सकाळी वडवणीला पोचलो तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. तुरीच्या शेंगा, लसणाच्या जुड्या, प्लास्टिकच्या घागरी, आणि रस्त्याच्या कडेला शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम धपाटे विकणारी एक बाई. दोन धपाटे घेऊन मी एका ओट्यावर बसलो. मनात वाक्यं जुळवत होतो. मंगल, दोर तू घेतला नव्हतास, मी दिला होता. हेच सांगायचं होतं. त्यानंतर तिनं तो का सोडला, याचं उत्तर माझ्यापाशी एकच होतं: लहान होती, घाबरली. ते उत्तर मी इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं. त्यात तिच्यावर दया होती आणि माझी थोडी सोयही होती.

समोरून एक म्हातारा पागोटेवाला चालला होता. त्याच्यामागं त्याची नात, आठनऊ वर्षांची, आणि तिच्या हातात म्हशीचा कासरा. ट्रॅक्टरवाल्यानं मागून भोंगा वाजवला. म्हैस बिथरली, एकदम उसळली. म्हातारा वळून ओरडला:

"सोड! सोड गं दोर! सोड!"

मुलीनं हात उघडले. म्हैस दोर उडवत धावली, भाजीवाल्यांनी शिव्या घातल्या, आणि पुढं कडब्याच्या ढिगाशी जाऊन ती निवांत चरायला लागली. लोक हसले. "ए, तुझी म्हस जेवाय बसली बे!" म्हाताऱ्यानं आधी म्हशीकडे पाहिलंच नाही. तो नातीजवळ गेला, तिचे दोन्ही तळवे उघडून पाहिले, त्यांवरून अंगठा फिरवला.

"चट्टा बी न्हाई. शाणी माझी बाई."

माझ्या हातातला धपाटा तसाच राहिला. मी उठून त्याच्याकडे गेलो.

"धरून का नाही ठेवला तिनं?"

"काय बोलता बाबा! गाव कोन्तं तुमचं?" तो माझ्याकडे नीट बघत म्हणाला. "जनावर उधळलं की दोर सोडायचा. धरला तर लेकराला फरफटत नेतंय, हाताची सालटी निघत्यात. जनावर काय, पळून पळून जाईल कुठं? आमी लेकराच्या हातात कासरा देतो तवा पह्यलं हेच सांगतो. हिसका बसला की सोड."

"सगळेच असं शिकवतात?"

"न्हाई शिकवलं तर लेकरू जातंय की हो."

मी परत ओट्यावर येऊन बसलो. धपाटेवाली म्हणाली, "बाबा, पानी देऊ का? तोंड पार उतरलंय."

म्हशीचा कासरा धरतेस ना, तस्साच धर. माझ्या दृष्टीनं त्याचा अर्थ होता, घट्ट धर. ती ज्या घरात वाढली तिथं त्याचा अर्थ होता, हिसका बसला की सोड. दत्ता कड्यावरून मागं झुकला, दोराला हिसका बसला, आणि घरी तिला शिकवलं होतं तेच तिनं केलं. ती घाबरली नव्हती. कडीतलं घर्षण धरता बारा वर्षांच्या मुलीला नऊ वर्षांचं पोर सहज पेललं असतं. ताकद कमी पडली नव्हती. मी चुकीचा शब्द दिला होता, आणि तोही घाईत, हसत, फेटा बांधून घ्यायच्या ओढीनं.

कड्याकडे

वडवणीहून पुढे काळ्यापिवळ्या जीपनं गेलो. चालक पस्तिशीचा, बोलका होता. मला पुढं बसवलं होतं आणि माझ्या मांडीवर कुणाच्या तरी खताची पिशवी होती.

"त्या कड्याला कावून चाल्ले बाबा? तिथं तर आता शेरडं बी जात न्हाईत."

"मंगलकडे जायचंय. पार्वतीबाईंची मुलगी."

मागच्या सीटवरून एकजण म्हणाला, "दोरवाली मंगल का?" आणि दोघंतिघं हसले.

"दोरवाली म्हणजे?"

चालकानं आरशातून मागं पाहिलं. "आवो, तिनं ल्हानपनी भावाला कड्यावरून सोडलतं. तवापासून तिच्या हातात कुणी दोर देत न्हाई. बैलाचा न्हाई, हिरीचा न्हाई. आमच्यात म्हनच पडलीय. कुणी काम बिघडवलं की म्हनायचं, मंगलीच्या हाती दिलतं का?"

"तुम्ही पाहिलं होतं का?"

"मी कुठलं पाह्यलं? मी चड्डीत होतो तवा. ऐकलेलं हाय."

फाट्यावर उतरवताना त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाकडून काय घ्यायचं. भला माणूस होता. त्याच्या तोंडी ती म्हण मी घातली होती.

कडा होता त्यापेक्षा लहान वाटला. आठवणीत तो उंच होत गेला होता. पायथ्याशी घाणेरी माजली होती आणि सीताफळीच्या झाडांना काळी पडलेली दोनचार फळं लटकत होती. वर, जिथं आमची कडी होती, तिथं एक गंजाचा ओघळ दिसत होता. जिथं खुर्ची ठेवली होती ती जागा मी पावलांनी शोधली. तिथून मान वळवली तर कड्याचा माथा सरळ दिसतो. मान थोडीशीच वळवावी लागते.

वाडी

पार्वतीबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण हात चालू. मंगल चुलीशी होती. चाळिशी ओलांडलेली, केस पुढून पांढरे. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर आहे, दिवाळीनंतर जातो तो उन्हाळ्यात येतो. बाप गेल्यापासून ती आईपाशीच असते. तिनं मला ओळखलं नाही. म्हातारीनं ओळखलं.

"मास्तर का तुमी?"

"हो."

"मेला न्हाईत अजून."

"नाही."

"बसा."

मंगलनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ती तिथंच, चुलीपाशी उभी राहिली. मी बाजेवर बसलो. जुळवून आणलेली वाक्यं आठवेनात. जे झालं ते मी जसंच्या तसं सांगितलं. गाडी आली ते, दोर कमरेवरून काढला ते, तिच्या हातात दिला ते, दत्तानं विचारलं आणि मी ये म्हणालो ते. मग म्हशीचं वाक्य सांगितलं.

मंगल भिंतीला टेकली. "म्हनले होते ना तुमी?"

"म्हणालो होतो."

"म्हशीवानी धर, असंच म्हनले होते ना?"

"तसंच."

"मी किती डाव सांगितलं. आजीला सांगितलं, फौजदाराला सांगितलं, आईला सांगितलं. सर म्हशीवानी धर म्हनले. समदे म्हनले, सर तर तिथं नव्हतेच, ते चहाला गेलते. मग मलाच वाटाय लागलं, म्हनले नसतील. मीच मनानं काढलं आसंल." ती थोडी थांबली. "हिसका बसला आन् मी सोडला. लगेच सोडला. सोडला तवा मला वाटलं, बरं केलं."

म्हातारीच्या हातातल्या शेंगा थांबल्या होत्या.

"मी उसावरून आले," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पह्यलं हिचे हात पाह्यले. तळहाताला चट्टा बी नव्हता. म्हनलं, भावासाठी हिला एक चट्टा बी सोसला न्हाई. तवाच मारलं हिला, त्याच्या मढ्याम्होरंच. समद्यांनी बघितलं, कुणी धरलं न्हाई."

"आई, ऱ्हाऊ दे."

"कावून ऱ्हाऊ दे? हिच्या लेकीचं बारसं झालं. सासू म्हनली, पाळन्याची दोरी हिच्या हातात देऊ नका. स्वोताच्या लेकीच्या पाळन्याला हिनं हात लावला न्हाई. मी तिथंच बसलेले. म्या बी काय म्हनले न्हाई." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमाला मूल हाय का मास्तर?"

"एक मुलगा आहे."

"त्याच्या पाळन्याची दोरी कुनी धरली?"

"त्याच्या आईनं."

तिनं शेंगा पुन्हा फोडायला घेतल्या. मंगलनं माझ्यासमोर कोरा चहा आणून ठेवला. मी तो उचलला नाही, तर ती म्हणाली, "घ्या. च्याचा काय दोष."

मी म्हणालो की पुण्याला गेल्यावर हे सगळं लिहीन. म्हातारी म्हणाली, "पुन्याला कोन वळखतंय हिला? पारावर सांगा." मग उठताना म्हणाली, "आन् लिवा बी. हिचं नाव घालून लिवा. नाव घेऊन बोलले समदे, नाव घेऊनच फिटंल."

मंगलला विचारलं. तिनं मान हलवली, हो म्हणून.

पारावर सातआठ माणसं होती, पत्ते खेळत. त्यातली दोघं त्या दिवशी रांगेत नारळ धरून उभी होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून नाही, त्यांनी नजर खाली घातली त्यावरून कळलं. मी उभा राहून सांगितलं. माझा आवाज वर्गात पोचायचा तेवढा पोचला. एकानं पत्ते पिसायला घेतले.

"मंग आमी इतके दिस खोटं बोलत होतो का बे?" एकजण दुसऱ्याला म्हणाला.

"मास्तरचं वय झालंय."

"वय झालंय म्हनून खरं बोलतोय. तू गप."

"तवा सांगायचं होतं की मग, मास्तर. आता तिचा जलम गेला."

शेवटचं वाक्य रांगेतल्या दोघांपैकी एकाचं होतं. तो बरोबर होता आणि त्याला ते म्हणायचा अधिकार नव्हता, जसा मलाही नव्हता. पाराच्या मागं, शाळेच्या भिंतीवर तीनचार पोरं चढून बसली होती आणि ऐकत होती. एका म्हातारीनं त्यांना हाक मारली, "उतरा रे, पडसाल!" ती उतरली नाहीत.

पिशवी घ्यायला परत घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. रानातून म्हैस परतली, कासरा मातीतून ओढत. मंगल बाजूला झाली, म्हैस आली की बाजूला व्हायची तिची सवय असावी. म्हातारी काठी टेकत उठली. म्हशीला दावणीला तीच बांधते. पारावरून येताना शेजारणीनं सांगितलं होतं, दोनदा म्हशीनं तिला पाडलं आहे, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तिनं वाकून कासरा उचलला. आणि गोठ्याकडे जायच्या ऐवजी वळून हात पुढं केला.

"मंगे, धर."

मंगल तिथंच उभी राहिली. तिचे दोन्ही हात पाठीमागं गेले, शाळेत छडी चुकवणाऱ्या मुलीचे जातात तसे.

"धर म्हनते ना."

"न्हाई, आई. तूच बांध."

म्हशीनं मान झटकली, कासरा ताणला गेला आणि म्हातारी एक पाऊल पुढं ओढली गेली. ती पडेल असं वाटून मी बाजेवरून उठलो आणि दोर धरायला पुढं झालो.

"तुमी न्हाई," ती म्हणाली.

मी मागं सरलो. फाट्यावर शेवटची जीप लागली होती आणि तिचा भोंगा ऐकू येत होता. कुंपणापाशी पोचून मी मागं पाहिलं. या वेळी मान वळवून पाहिलं. म्हैस दोघींच्या मध्ये उभी होती. मंगलचे हात अजून पाठीमागं होते. दोर अजून म्हातारीच्याच हातात होता, पण तिनं हात खाली घेतला नव्हता.